ड्रमर अप्पाराव सोनपेठकर

आमच्या काचीगुड्यात थापा मारणाऱ्यांची कधी टंचाई नव्हती. कुणाचे आजोबा निजामाच्या पंगतीला जेवलेले, कुणाची म्हैस घागरभर दूध देणारी, कुणाचा भाचा मुंबईत सिनेमावाल्यांच्या घरी जाऊन-येऊन. पण त्या थापा ऐकायच्या, 'वा वा' म्हणायचं आणि विसरायच्या. अप्पाराव सोनपेठकराची गोष्ट वेगळी. त्याच्याकडे थाप एकच होती, आणि ती त्याने पोटच्या पोरीसारखी न्हाऊ-माखू घालून वाढवली होती.

अप्पाराव स्टेशनवर पार्सल ऑफिसात क्लर्क. अंगाने सुकट, आवाजाने बारीक, चालताना चप्पल घासणारा. देवाने त्याला बाकी सगळं मापात दिलं आणि मिशी मात्र दोन माणसांना पुरेल अशी दिली. दोन्ही टोकं वर वळवलेली, खोबरेल लावून तुकतुकीत. सुलभावहिनी म्हणायच्या, "घरात पाहुणे आले की आधी मिशी येते बाहेर, मग हे येतात."

आता थापेचं मूळ सांगतो. तिकडे लालागुड्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये डेंझिल हॅरिगन नावाचा एक अँग्लो-इंडियन पोरगा होता. बाप इंजिन ड्रायव्हर. पोराने इंजिन सोडून गिटार धरली. रॉक की काय म्हणतात ते वाजवायचा, सिकंदराबादच्या डान्स पार्ट्यांत पोरी त्याच्यावर जीव टाकायच्या. औरंगाबादला, मुंबईला कार्यक्रम असला की ही मंडळी काचीगुड्याहून मनमाडच्या गाडीने जायची, आणि त्यांचे ड्रम जायचे पार्सलने. ते तोलून, चिठ्ठी डकवून, ब्रेकव्हॅनमध्ये चढवून घेणं हे अप्पारावचं काम. संपलं. खऱ्याचा भाग एवढाच.

सुरुवातीला अप्पाराव म्हणायचा, "डेंझिलचे ड्रम माझ्या हातून जातात." खरंच होतं. लग्न झालं तेव्हा म्हणू लागला, "डेंझिल मला नावाने ओळखतो." गौरी जन्मली तोवर "डेंझिल मला ड्रमवर हात साफ करू देतो" इथपर्यंत आला. आणि एका संध्याकाळी हिम्मतरावच्या दुकानात, बियाण्यांच्या पोत्यांवर आमची बैठक बसलेली असताना, त्याने जाहीर केलं, "निजामाबादच्या प्रोग्रामला ड्रम मीच वाजवला."

हिम्मतराव वडजे म्हणजे अंबरपेठेत बी-बियाणांचं दुकान असलेला, नांदेडकडचा आडदांड गडी. उगवेल तेच बी विकायचं असल्या स्वभावाचा. तो म्हणाला, "अन् त्यांचा ड्रमवाला कुठं गेलता?"

अप्पारावची मिशी जरा खाली आली. मला काही ते बघवेना. मी म्हटलं, "कावीळ झाली असेल बिचाऱ्याला."

"हाव! कावीळच!" अप्पाराव उसळून म्हणाला. "डोळे असे पिवळे!"

तेव्हा त्या थापेतली कावीळ माझी. बाकी सगळी अप्पारावची.

पुढे डेंझिल आधी मुंबईला आणि मग बायकोपोरांसह ऑस्ट्रेलियाला गेला आणि अप्पारावला रान मोकळं मिळालं. निजामाबादचा एक कार्यक्रम, त्याचे वर्षावर्षाला वाढत चार झाले. गौरी ते ऐकतच मोठी झाली. पोरगी विद्यानगरला कॉलेजात जायला लागली, संध्याकाळी कॉम्प्युटरचा क्लास. मराठी अक्षर जोडाक्षराला अडायचं, पण बापाचा इतिहास तोंडपाठ. मैत्रिणींना सांगायची, "माय डॅड रॉक बँडमध्ये होते, तुला माहिते?" हिम्मतराव मात्र दर आठवड्याला एकदा तरी तिच्या देखत विचारायचा, "काय ड्रमर, आज कुणाला कावीळ?" पोरीचे डोळे भरायचे आणि अप्पाराव दुसरीकडे बघायचा.

मग दिल्लीत सरकारने दारं उघडली. कोला आला, केबल आली, नव्या मोटारी आल्या, आणि त्याच दारातून डेंझिल हॅरिगनही परत आला. आयात खुली झाल्याचा फटका मोठमोठ्या कारखानदारांना बसला म्हणतात. काचीगुड्यात तो पहिल्यांदा अप्पारावला बसला.

बातमी गौरीनेच आणली. हिम्मतरावच्या दुकानासमोर स्कूटी थांबवली आणि उतरायच्या आधीच ओरडली, "बाबा! तुमचा डेंझिल येतोय! अंबरपेठच्या समर मेळ्यात! कोलावाल्यांनी स्टेज टाकलंय, एवढं मोठं पोस्टर!"

आमच्या अप्पारावचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पोत्यावर बसला होता तो पोत्यात गेला असता तर बरं झालं असतं.

"अरे वा," तो म्हणाला. "पण आता काय ओळखतोय तो. वय झालं. ऑस्ट्रेलियाला गेलं की विसरतात लोक."

"असं कसं बाबा? तुम्ही त्याची इज्जत वाचवली होती निजामाबादला! मी सगळ्या मैत्रिणींना बोलावलंय. आपण त्याला भेटायचं."

पोरगी गेली. हिम्मतराव ताजव्यावरचा हात काढून म्हणाला, "अप्पा, एक सांगू? लय वर्षं झाली ऐकतोय. आता निकाल लागू दे. डेंझिलनं स्टेजवरून तुझं नाव घेतलं, की हा माझा ड्रमर अप्पा, तर ही मिशी उतरवतो." त्याने आपल्या मिशीवर ताव दिला. "नाही घेतलं तर तुझी उतरव. अन् पोरीला खरं सांग."

मिशीचं एक वेळ चालेल, पण शेवटचे शब्द अप्पारावला लागले. त्यातून सुटायचं तर तिथेच हसून 'अरे थाप होती' म्हणायचं. मी म्हटलं, "अप्पा, भितोस काय? डेंझिल तुझा माणूस आहे."

"मी? भितो?" अप्पाराव उभा राहिला. "लागली शर्यत! नाना साक्षी!" म्हणून त्याने मला पुढे केलं.

माणूस खड्ड्याकडे निघाला की त्याला कुणीतरी दिवा धरावा लागतो. तो मी धरला.

*

चैत्र चालू होता. मेळा अंबरपेठच्या मैदानात. पाळणा, मौत का कुआँ, बांगड्यांची दुकानं, मिरची-भज्यांचे तवे, आणि मधोमध कोला कंपनीचं लालभडक स्टेज. आमच्या महिला मंडळाने तिथेही स्टॉल घेतला होता. बाहेर पन्हं आणि आंब्याची डाळ विकायला, आणि आत चैत्रगौर मांडलेली. कलिंगडाची कमळं, काकडीची बोटं, करंज्या-लाडूंची आरास. येईल त्या बाईला हळदीकुंकू आणि ओल्या हरभऱ्याची मूठ. तेलुगू बायका यायच्या, बुरख्यातल्या शेजारणी पन्ह्यासाठी यायच्या. सुलभावहिनी मंडळाच्या अध्यक्ष. मैदानात त्यांचा शब्द कोलावाल्यांच्या लाउडस्पीकरपेक्षा लांब जायचा. त्यांनी मेळ्याच्या व्यवस्थापकाकडून आणखी एक काम पदरात पाडून घेतलं होतं, कलाकारांच्या फराळाचं. आणि फराळ न्यायला मला जुंपलं.

"भाऊजी, पन्ह्याचा डबा उचला," त्या म्हणाल्या. त्यांच्या हातात तबक होतं. तबकात खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू.

"वहिनी, हे कशाला? कलाकार पुरुष आहे."

"बायको सोबत आलीय त्याची. मी चौकशी केलीय."

मी डबा घेऊन त्यांच्या मागे. वाटेत मी खडा टाकून बघितला. "वहिनी, अप्पाने खरंच वाजवले होते का हो ड्रम?"

त्या थांबल्या नाहीत. "त्यांना घरी दाराची कडी वाजवता येत नाही. हाक मारतात."

"मग आज काय होणार?"

"मिशी वाचणार. भाऊजी, पंचवीस वर्षांत मी ह्यांचा वरचा ओठ पाहिलेला नाही. आता ह्या वयात पाहायची इच्छाही नाही. आणि पोरीसमोर त्यांची मान खाली गेलेली मला चालणार नाही. काय शिक्षा करायची ती मी घरी करीन. तुम्ही ह्यातलं एक अक्षर बोललात तर गौरीची शपथ."

शपथ मी पाळली. पुढे वहिनींनीच सगळ्या हळदीकुंकवांत ही हकीकत रंगवून सांगितली, त्याला माझा इलाज नाही.

स्टेजच्या मागे तंबू होता. आत प्लास्टिकच्या खुर्चीवर डेंझिल हॅरिगन बसलेला. मी मनात कुणीतरी वाघ धरून गेलो होतो. समोर पोट सुटलेला, पांढरे केस मागे रबराने बांधलेला म्हातारा, पुठ्ठ्याने वारा घेतोय. शर्टावर पोपट. पायात पांढरे बूट. गुडघ्यावर गरम पट्टी. शेजारी त्याची बायको, डोरीन. फुलाफुलांचा झगा, काळा चष्मा, हातात पर्स घट्ट.

"आंटी," तो वहिनींना म्हणाला, स्वतः वहिनींच्या काकाच्या वयाचा, "कुछ ठंडा है? मतलब... असली ठंडा?"

त्या दिवसांत आंध्रात दारूबंदी होती. बिचारा ऑस्ट्रेलियाहून आला तो नेमका कोरड्या गावात. वहिनींनी त्याला ग्लासभर पन्हं दिलं. त्याने घोट घेतला, डोळे मिटले, वेलचीचा वास ओढला आणि ग्लास पुढे केला. "और." मग आणखी. मी ओतत राहिलो.

तोवर वहिनी डोरीनसमोर उभ्या राहिल्या. कुंकवाचं बोट पुढे केलं. डोरीनने चष्मा काढला. तबकाकडे पाहिलं, खणाकडे पाहिलं, आणि उठून झग्याचा घेर दोन्ही हातांनी धरून ओटी पुढे केली. आपल्या बायका पदर पुढे करतात तशी. माझ्या हातातलं पन्हं सांडलं.

"हमारे क्वार्टर के बाजू में एक मराठी आंटी थे," ती म्हणाली. "हर साल मम्मी को बुलाते थे. मैं साथ जाती, चना खाने." तिने घेर आणखी पुढे केला. "पर्थ में कोई नहीं भरता."

वहिनींनी खण, तांदूळ, नारळ घातला. मग आमच्या वहिनींनी, ज्यांनी आयुष्यात संधी कधी वाया घालवलेली नाही, हळूच म्हटलं, "देखो, ओटी भरी मतलब अब हम बहनाँ हुए."

"हाँ जी."

"तो मेरे मिस्टर और तुम्हारे मिस्टर साडू हुए."

डेंझिलने ग्लास खाली ठेवला. लालागुड्यात वाढलेला माणूस, साडू कळत होतं त्याला.

"साडू की मूछ खतरे में है," वहिनी म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं. थाप, शर्यत, गौरी, कावीळसुद्धा. "तुम खाली स्टेज पे इत्ता बोलना, मेरा पुराना ड्रमर अप्पाराव इधर बैठा है. बस. नाम लेना, और कुछ नक्को."

डेंझिल हसायला लागला. पोपट हलायला लागले. "आंटी, ऐसा झूठ मैं कैसे..."

"डेंझिल," डोरीन म्हणाली. एवढंच. पण मी ऐकलंय, नवऱ्याचं नाव त्या सुरात जगातली प्रत्येक बायको घेऊ शकते. तिने ओटीतला नारळ उचलून दाखवला. "आय टुक दिस."

"ओके, ओके," डेंझिल म्हणाला. "अप्पा राव. लिख के दो हाथ पे."

"लिहायला कशाला पाहिजे," वहिनी मला मराठीत म्हणाल्या. "साडूचं नाव विसरतो का कुणी?"

*

विसरला. पण ते पुढे.

दिवेलागणीला मैदान भरलं. पुढच्या रांगेत गौरी आणि तिच्या मैत्रिणींचा घोळका. त्यांच्यामागे अप्पाराव, इस्त्रीचा शर्ट, मिशीला दुप्पट खोबरेल, चेहरा मात्र बळी द्यायच्या बोकडासारखा. एक खुर्ची सोडून हिम्मतराव, मांडी ठोकून बसलेला. दोघांच्या मध्ये मी. एवढी चांगली जागा मला लग्नातही मिळाली नव्हती.

डेंझिल स्टेजवर आला तो लंगडत. माइकने शीळ घातली. त्याने पहिलं गाणं इंग्रजीत म्हटलं, आणि खरं सांगायचं तर ते पडलं. लोक भजी खायला उठले. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ अंकल, फिल्मी सुनाओ!" दुसरा म्हणाला, "कायकू चिल्लारे मियाँ, बैठ के सुनो ना." दुसरं गाणंही तसंच गेलं. हिम्मतराव माझ्या कानात म्हणाला, "नाना, हा तर स्वतःचंच नाव विसरल्यासारखा दिसतोय."

मग डेंझिलने गिटार खाली घेतली, एका पायावर भार दिला आणि फक्त एका तारेवर काहीतरी घासायला लागला. खर्र, खर्र. संथ. मग थोडं जोरात. मागे ड्रमवाल्या पोराने धक्के द्यायला सुरुवात केली, एक, थांबून दुसरा, डबे एकमेकांवर आदळतात तसे. भजी खायला गेलेले माघारी वळले. काचीगुड्याच्या माणसाला ते सांगावं लागत नाही. आमच्या छोट्या लाइनीचं इंजिन यार्डात शंटिंग करतंय! लहानपणापासून ज्याच्या आवाजाने झोपलो आणि ज्याच्या आवाजाने उठलो ते. छोटी लाइन उखडून मोठी टाकायचं काम तेव्हा चालू होतं, तो आवाज गावातून निघालाच होता. म्हाताऱ्याने तो परदेशात जपून ठेवला होता बघा. गाडी हलली, वेग घेतला, पुलावर गेली, त्याने गिटारीची मान वर केली आणि शिट्टी मारली, लांब, अगदी मलकपेठच्या वळणावरची. रेल्वेची म्हातारी मंडळी खुर्च्यांवर उभी राहिली. फिल्मी मागणारा पोरगा शिट्ट्या घालत होता. गौरी नाचत होती. मी नाचलो नाही, पण माझा पाय माझं ऐकत नव्हता.

अप्पाराव बसून होता. डोळ्यांत पाणी. "नाना," तो म्हणाला, "ह्या गाण्याचे ड्रम मी चढवायचो रे गाडीत." पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तो खरं बोलला, आणि तेही टाळ्यांत बुडालं.

गाण्यामागून गाणी झाली. डेंझिल पेटला होता, पण नाव काही घेईना. शेवटचं गाणं म्हणून जाहीर केलं तेव्हा हिम्मतरावने अप्पारावच्या मिशीकडे अशा नजरेने पाहिलं जशा नजरेने कसाई ईदच्या आधी बोकडाकडे पाहतो. तेवढ्यात मला स्टेजच्या कडेला डोरीन दिसली. ती दोन्ही हातांनी डोक्यावर नारळ धरून उभी होती.

डेंझिलने नारळ पाहिला. गिटार थांबली.

"लेडीज अँड जंटलमेन! इधर मेरा पुराना ड्रमर बैठा है! मेरा यार, मेरा साडू, काचीगुडा का... अप्पा राव!"

मैदान फुटलं. गौरी किंचाळली, "बाबा!" हिम्मतरावचं तोंड उघडं ते उघडंच. वहिनींनी सांगितलं होतं नुसतं नाव घे म्हणून. पण कलाकाराला थांबायचं कुठे कळलं असतं तर तो कलाकार कशाला झाला असता? डेंझिलने दोन्ही हात पसरले. "कम ऑन, अप्पा! ऊपर आ! एक बार फिर!"

स्टॉलजवळ वहिनींनी कपाळाला हात लावला.

पोरांनी अप्पारावला उचललंच. स्टेजवर नेलं. ड्रमवाला पोरगा उठून पाया पडला आणि काठ्या हातात दिल्या. अप्पाराव त्या स्टुलावर बसला, समोर पितळी थाळ्या, खाली पायाचा ढोल, आणि पुढे अख्खं अंबरपेठ. मी त्याच्याकडे बघत होतो. मला वाटलं आता चक्कर येईल, काहीतरी सोंग करील. त्याने गौरीकडे पाहिलं. पोरगी अशी बघत होती की देवही लाजला असता. आणि आमचा अप्पाराव उठला, डेंझिलचा माइक ओढला.

"भाइयो," तो बारीक आवाजात म्हणाला. "ये झूठ है. मैं ड्रम कभी नहीं बजाया. मैं पार्सल ऑफिस में क्लर्क हूँ. इनके ड्रम मैं खाली बुक करता था. मैं पच्चीस साल से झूठ बोल रा हूँ."

मागून एक जण गदगदून ओरडला, "देखो, इत्ता बड़ा कलाकार, और कित्ती सादगी!"

टाळ्या थांबेचनात. अप्पाराव हात हलवून "नाही, नाही, सच्ची" म्हणतोय, लोक "वन्स मोर" म्हणतायत. डेंझिलने त्याला खांदा धरून खाली बसवलं, कानात काहीतरी पुटपुटला आणि बँड सुरू केला. अप्पारावने घाबरून डोळे मिटले आणि जिथे मारायला नको तिथे, पूर्ण जोराने, थाळीवर एक काठी हाणली. झण्ण! डेंझिलने त्याच ठोक्यावर हात वर करून सगळा बँड थांबवला, जणू बसवलेलंच होतं. वाकला. लोक वेडे झाले. चाळीस वर्षं स्टेजवर काढलेला माणूस, दुसऱ्याची चूकही आपल्या तालात घेतो.

खाली उतरल्यावर तंबूत अप्पाराव त्याच्यासमोर हात जोडून उभा राहिला. "साहब, माफ करना. मैं सच बोल रा था. मैं पार्सलवाला."

डेंझिल पन्हं पीत होता. त्याने अप्पारावकडे निरखून पाहिलं. "मेरे इतने ड्रमर हुए, मॅन. आधे भाग गए, आधे मर गए. एक को जॉन्डिस हुआ था ना? निजामाबाद में?"

"नहीं साहब. वो जॉन्डिस झूठ है."

"हुआ था, हुआ था," डेंझिल म्हणाला. "तू ही बैठा था उस रात. थोड़ा जल्दी बजाता था."

अप्पारावने माझ्याकडे पाहिलं. मी तंबूचं छत बघत होतो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी हिम्मतराव न्हाव्याकडे गेला आणि मिशी उतरवून आला. शब्दाचा पक्का. मिशीविना तो आपल्याच धाकट्या भावासारखा दिसत होता. गिऱ्हाइकं दुकानात येऊन "मालक कुठायत?" विचारू लागली. अप्पाराव त्याच्या दुकानात धावला. "हिम्मत, अरे तू जिंकलायस! मी वाजवला नव्हता! सुलभा रात्री बोलली मला, तिनेच वदवलं त्याच्याकडून!"

"अप्पा," हिम्मतराव म्हणाला, "मोठेपणा पुरे. मी हरलो, मला हरू दे. लय बोललो तुला. पोरीसमोर बोललो. चुकलं."

आता काय करावं? अप्पाराव तिथून थेट त्याच न्हाव्याकडे गेला आणि आपलीही उतरवून आला, म्हणजे तरी लोक विश्वास ठेवतील. झालं उलटंच. दुपारपर्यंत सगळ्या काचीगुड्यात एकच चर्चा, शर्यत जिंकली तरी मित्राला एकट्याला लाज नको म्हणून सोनपेठकराने स्वतःची मिशी दिली! पार्सल ऑफिसच्या हमालांनी त्याला हार घातला. वहिनींनी दार उघडलं, तो वरचा ओठ पाहिला, आणि दार परत लावून घेतलं. आतून हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

संध्याकाळी गौरी मैत्रिणींना घेऊन आली. अप्पारावने सगळ्यांना समोर बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. तोलकाटा, चिठ्ठी, ब्रेकव्हॅन. एकही गोष्ट वाढवली नाही. इतकी रटाळ गोष्ट त्याच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती. पोरी माना डोलावत राहिल्या. गौरी त्याच्या गळ्यात पडली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला ना, लाय मारताच येत नाही. चेहऱ्यावर दिसतं."

पोरी गेल्यावर अप्पाराव ओट्यावर येऊन बसला. मी पान लावत होतो. वहिनी बाहेर आल्या, त्याच्या शेजारी बसल्या. शिक्षा घरी करीन म्हणाल्या होत्या, ती आता आली.

"खरं सांगून झालं," त्या म्हणाल्या. "कुणी घेतलं नाही. मग आता एकच राहिलं. शिका."

"काय?"

"ड्रम. लालागुड्यात एक म्हातारा शिकवतो, डोरीनने पत्ता दिलाय. रविवारी सकाळी. जे पंचवीस वर्षं बोललात ते करून दाखवा. पोरीचं म्हणणं खरं तरी होईल."

"सुलभा, ह्या वयात?"

"थाप मारताना वय विचारलं होतंत?"

आणि हा गडी खरंच गेला. रविवारी सायकल काढून लालागुड्याला. दोन-तीन महिन्यांनी त्याने कुठून तरी जुना ड्रम आणून मागच्या खोलीत मांडला. बाकी काही विचारू नका. आमच्या गल्लीतल्या शेळ्यांनी दूध कमी केलं, वकिलांच्या घरची पाल भिंतीवरून पडली, म्हाताऱ्या बायका लोकरीच्या टोप्या घालून झोपायला लागल्या. ताल असा, की एखादा माणूस भांड्यांसकट जिन्यावरून पडतोय आणि पडता पडता थांबून विचार करतोय.

एका संध्याकाळी मी आणि हिम्मतराव त्याच्या खिडकीखाली उभे होतो. हिम्मतरावची मिशी पुन्हा भरली होती, तो ती चाचपत ऐकत होता. आत एक भयंकर ठोका पडला, मग शांतता, मग दुसरा, त्याहून भयंकर. मी हसू दाबून त्याच्याकडे पाहिलं. म्हटलं आता तरी ह्याच्या ध्यानात येईल.

हिम्मतराव गंभीरपणे मान हलवत म्हणाला, "सवय मोडली ना, नाना. इतक्या वर्षांनी हात जरा जड पडणारच."